उरलेल्या भाताचा कारभारी कोण?

आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या भोजन समितीस, आणि इंदुरातल्या अशाच बाकीच्या समित्यांसही, खुले पत्र

सप्रेम नमस्कार, मंडळी.

परवा मुलं वर्गणीचं पुस्तक घेऊन घरी आली होती. पावती फाडून झाली, चहा झाला, आणि जिना उतरता उतरता एकानं सांगितलं, "काकू, महाप्रसाद यंदाही सातव्या दिवशी. मसालेभात पक्का!" मसालेभाताचं नाव निघालं आणि वर्षभर पोटात ठेवलेलं हे पत्र लिहायला बसले. बैठकीत बोलले असते, पण आपल्या बैठकीत मंडपाच्या भाड्यावरच रात्रीचे अकरा वाजतात. शिवाय गोष्ट एकट्या आपल्या मंडळाची नाही. जेल रोडपासून सुदामा नगरापर्यंत भाद्रपदात जिथे जिथे मोठं भगोनं चुलीवर चढतं, तिथली आहे. म्हणून पत्र उघडं ठेवते आहे.

आधी मागच्या वर्षीचं सांगते. शिळ्या कढीला ऊत आणते असं म्हणाल तर म्हणा.

त्या रात्री पाऊस आला आणि निम्मी माणसं आलीच नाहीत. साडेदहाला शेवटची पंगत उठली. पुऱ्या संपल्या होत्या, भाजी तळाला गेली होती, शिऱ्याचं पातेलं तर मुलांनी खरवडून साफ केलं. उरला भात. मोठ्या भगोन्यात अर्ध्याच्या वर. तोंडली, काजू, वरून खोबरं-कोथिंबीर, दिसायला कसा देखणा! स्वयंपाकाच्या महाराजांनी झाकण ठेवलं, झाकणावर ओलं फडकं, मांजर येऊ नये म्हणून फडक्यावर वीट, आणि भगोनं जिन्याखाली सरकवलं. "सकाळी फोडणी मारून वाटून टाकू." अन्न वाया जायला नको, असं जे चारपाच आवाज तेव्हा आले त्यात एक माझा होता. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढे बोलायला मोकळी.

सकाळी साडेनऊला वीट काढली, झाकण काढलं. मी झाऱ्यानं मधोमध उकरून बोट घातलं. कडेचा भात गार होता आणि मधला कोमट. तान्ह्या बाळाच्या अंगाइतका कोमट, अकरा तासांनंतर. वास वाईट नव्हताच, उलट गोडा मसाला रात्रीपेक्षा जास्त मुरलेला. मग तेल तापलं, मोहरी तडतडली, भात परतला, चांगली वाफ आली. थोडा कचरागाडीवरच्या दोघांना दिला, थोडा आपल्या गल्लीत झाडू मारणाऱ्या ताईंना, मंडपाच्या लाइटवाल्या पोरांना पत्रावळीवर वाढला, आणि राहिलेला डब्यांतून घरोघरी गेला. एक डबा माझ्याही घरी आला.

नातवानं दहाच्या सुमाराला खाल्ला. एकच्या आसपास पहिली उलटी झाली. चारपर्यंत मी मोजत होते, सात झाल्या. ताप नाही, पोटात कळ नाही, नुसत्या उलट्या. साखर-मिठाचं पाणी चमच्याचमच्यानं पाजत राहिलो. संध्याकाळी पोरगं उठून बसलं आणि टीव्हीचा रिमोट मागायला लागलं. लाइटवाल्या पोरांपैकी दोघं त्या दिवशी आरतीला दिसले नाहीत. झाडूवाल्या ताई दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पेट बिगड़ गया था, भाभी," आणि पुढे गेल्या. भाताचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. ते मला अजून टोचतं.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी काय काय कारणं निघाली ती आठवून बघा. टँकरचं पाणी. पावसाळी हवा. कोणीतरी पनीर म्हणालं, आपल्या पानात पनीर नव्हतंच. एका आजींनी मीठमोहरी ओवाळायला सांगितलं. भातावर मात्र कोणी बोट ठेवलं नाही. ठेवणार तरी कसं? आपल्याकडे आजाऱ्याला पहिलं अन्न देतात तोच मऊ भात आणि मेतकूट. बाळाचं उष्टावण भातानं, पथ्य भाताचं, पोट बिघडलं की पेज. ज्याला आपण औषध म्हणून देतो त्याच्यावर संशय कसा घ्यायचा!

तो भात कोणी तपासला नाही, त्यामुळे भातानंच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये, जंतू वाढवून ओळखायच्या प्लेटा बघण्यात गेली आहेत. खाल्ल्यापासून तीन तासांत उलट्या आणि रात्रीपर्यंत माणूस बरा, हे चित्र मला ओळखीचं वाटलं.

त्या जंतूचं नाव बॅसिलस सिरियस. यातला 'सिरियस' म्हणजे गंभीर नव्हे, लॅटिनमध्ये मेणासारखा. १८८७ साली नाव ठेवणाऱ्यांनी प्लेटवर जे बघितलं तेच ठेवलं. मळकट पांढरा, मेणचट, खरबरीत काचेसारखा दिसणारा, कडा विसकटलेल्या. आमच्या लॅबमध्ये हा रक्ताच्या नमुन्यात उगवला तर बहुतेक वेळा 'बाहेरून पडलेला' म्हणून बाजूला निघायचा, इतका तो सगळीकडे असतो. मुळात राहणारा मातीतला. शेतातून तांदळाबरोबर पोत्यात येतो, पोत्यातून आपल्या सुपात. तांदूळ तीनदा धुवा की सातदा, थोडा राहतोच. बासमती असो की कोलम.

आता याची खुबी ऐका. परिस्थिती वाईट झाली की हा स्वतःभोवती कवच करून बी होऊन बसतो. त्याला बीजाणू म्हणतात. भात शिजतो १०० अंशांवर, त्यात बाकीचे जंतू मरतात, हे बी मरत नाही. उलट उकळीनं त्याला जाग येते, आणि जागा होऊन बघतो तर काय, आजूबाजूला मऊ, ओला, ऊबदार भात, आणि वाटेकरी कोणी नाही. साधारण ३० अंशांवर अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. दहा तासांच्या वीस दुपटी धरा: एकाचे दहा लाख अठ्ठेचाळीस हजार. कागदावरचा हिशेब आहे, भगोन्यात इतका नेमका चालत नाही, पण दिशा हीच.

भाद्रपदात इंदुरात रात्री २२-२३ अंश असतात. बाहेर आपल्याला गारवा वाटतो. भगोन्याच्या पोटात मात्र भाताचा गड्डा स्वतःची ऊब धरून बसतो, वर झाकण, झाकणावर फडकं. वाटीभर भात ओट्यावर अर्ध्या-पाऊण तासात निवतो, तीस किलोचा भात रात्रभर निवत नाही. दही लावायला आपण अशीच ऊब शोधतो की नाही? आपण त्या रात्री जिन्याखाली विरजणच लावलं होतं, फक्त भलत्याचं.

आणि फोडणीचं काय, असं विचाराल. माझा सगळा राग त्या फोडणीवर आहे. जंतू वाढताना भातात एक विष सोडतो, सेरुलाइड नावाचं. जंतू परतल्यानं मरेल, विष मरत नाही. लॅबमध्ये आमचा ऑटोक्लेव्ह असायचा, म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. १२१ अंशांवर वीस मिनिटं ठेवलं की बीजाणूसुद्धा खलास, त्याच्यावर आमचा सगळा भरवसा. हे विष त्या १२१ अंशांना दीड तास ठेवलं तरी टिकतं. तिथे महाराजांची मोहरी काय करणार? त्याला वास नाही, चव नाही, भाताला तार सुटत नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती इथे नापास. म्हणून सकाळी झाकण काढून हुंगणं आणि "चांगला आहे की!" म्हणणं, याला काही अर्थ नाही. आंबूस वास येतो तो वेगळ्या जंतूंचा. तो आला तर टाकाच, पण नाही आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

ही काही आपल्याच जिन्याखालची नवलाई नाही. १९७१ नंतर ब्रिटनमध्ये फ्राइड राइस खाऊन लोकांना उलट्या होण्याच्या घटना मागोमाग नोंदल्या गेल्या, आणि बहुतेकींचा माग चिनी उपाहारगृहांपर्यंत गेला. तिथले आचारी भात आदल्या रात्री शिजवून बाहेरच ठेवत. फ्रीजमध्ये ठेवला की शितं चिकटतात, परतताना मोकळा होत नाही, म्हणून. ऐकलंत? भात मोकळा व्हावा म्हणून! आपले महाराज आणि ते आचारी एकाच शाळेतले. याच जंतूचा दुसरा एक प्रकार आहे, त्यात विष पोटात गेल्यावर तयार होतं आणि आठ ते सोळा तासांनी पोटात कळा येऊन जुलाब होतात. नॉर्वेतल्या हाउगे नावाच्या शास्त्रज्ञानं ऑस्लोच्या रुग्णालयातल्या व्हॅनिला सॉसमध्ये हा पकडला. मक्याच्या पिठातून आला होता. खात्री करायला त्यानं तो जंतू वाढवलेला सॉस स्वतः पेलाभर प्यायला आणि ठरल्या वेळी आजारी पडला. आमच्या धंद्यातले लोक असे असतात.

घाबरवायला लिहीत नाही. बहुतेकांचं हे दुखणं चोवीस तासांत आपोआप बरं होतं, औषध लागत नाही, पाणी पोटात राहिलं की झालं. पण लहान मूल, म्हातारं माणूस, मधुमेह-किडनीचा आजारी, यांना सात उलट्या म्हणजे चेष्टा नाही. यकृतावर जाऊन माणूस दगावल्याच्याही थोड्या नोंदी आहेत. थोड्या आहेत, पण आहेत.

आणि शिळा भात खाऊच नका, असंही मी म्हणत नाही. माझ्या घरी आजही सकाळी फोडणीचा भात होतो, वर शेव भुरभुरून, इंदुरात आहोत म्हटल्यावर. फरक एवढाच की रात्री जेवण झाल्या झाल्या उरलेला भात ताटलीत पसरते, वाफ गेली की तासाभराच्या आत पसरट डब्यातून फ्रीजमध्ये. गरम वस्तू फ्रीजमध्ये ठेवू नये म्हणून रात्रभर ओट्यावर निववत ठेवणाऱ्या सुना-सासवा मला माहीत आहेत. एक तर आमच्याच घरात होती, मीच. पार गार होईपर्यंत थांबायचं नसतं, वाफ बसली की पुरे. फ्रीजमध्ये ५ अंश किंवा खाली, दुसऱ्या दिवशी संपवायचा, एकदाच गरम करायचा आणि मधोमध वाफ येईपर्यंत करायचा. ब्रिटनवाले चोवीस तास सांगतात, अमेरिकावाले तीन-चार दिवसही चालतो म्हणतात. माझा हात दुसऱ्या दुपारनंतर त्या डब्याकडे जात नाही.

शीतला सप्तमीला शेजारच्या मालवी घरातून ओलिया येतं, तेव्हा आपण वाटी चाटून पुसून खातो ना? आदल्या दिवशीचा भात, दही, साखर. ओडिशात पखाळ, बंगालात पान्ता, भातात पाणी घालून रात्रभर आंबवतात. आंबटपणा वाढला की या जंतूला वाढायला जड जातं, जुन्या बायकांना हे कोणी प्लेट दाखवून शिकवलं नव्हतं. पण क्रम बघा: दही आधी पडतं, मग रात्र होते. रात्रभर उबवलेल्या भातावर सकाळी दही ओतून ताकभात केला तर झालेलं विष काही माघारी जात नाही.

आता माझं मागणं. समितीत पुऱ्यांना माणूस आहे, पाण्याला आहे, चपलांना आहे, उरलेल्या भाताला नाही. रात्री साडेदहाला सगळे दमलेले, प्रत्येकाला घर दिसत असतं, आणि भगोन्याचा निर्णय सकाळवर जातो. सकाळी निर्णय घ्यायला काही उरलेलंच नसतं, जे व्हायचं ते रात्रीच होऊन गेलेलं असतं. तेव्हा यंदा यादीत एक नाव वाढवा. उरलेल्या भाताचा कारभारी. त्यानं शेवटची पंगत बसली की भगोन्यात डोकवायचं आणि तिथेच ठरवायचं.

उरूच नये यासाठी महाराजांशी आधी बोला. शंभर पानांना आठ किलो तांदूळ हा त्यांचा हिशेब, आणि तीनशे पानांचा भात ते सहा वाजताच एका घाण्यात उतरवून मोकळे होतात. का? भात पंचवीस मिनिटांत होतो. दोन घाणे करा, दुसरा साडेआठला रांग बघून टाका. पाऊस आला तर तांदूळ तांदूळच राहतील, किराण्याच्या दुकानात परतही जातील. उतरवलेला भात पंगतीत जाईपर्यंत मंद आचेवर राहू दे. तो ६० अंशांच्या वर राहिला पाहिजे, म्हणजे वाढताना बोटाला चटका बसला पाहिजे.

तरी उरलाच, तर झाकण नको. परातींत दोन बोटं जाडीचा पसरा, वर पंखा सोडा. लग्नघरी बिर्याणी-पुलावाचा भात मोकळा करायला आपल्या आज्या हेच करायच्या. अर्ध्या तासात निवतो, मग ज्याच्या घरी फ्रीजमध्ये जागा आहे त्यानं लहान डबे न्यायचे. किंवा गरम असतानाच, त्याच रात्री, रुग्णालयाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना नेऊन वाढायचा. उरलेलं अन्न वाटायचे एफएसएसएआयचे, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचे, २०१९ सालचे नियमही आहेत. समितीतल्या वकील भाऊंनी ते एकदा वाचून दाखवावेत, त्यांना तेवढंच बोलायला मिळेल.

हे काहीच जमलं नाही तर टाका. हो, टाका. अन्न हे पूर्णब्रह्म मीही रोज म्हणते. पण आपलं गाव २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं, ते कशावर? ओला कचरा वेगळा काढला म्हणून. देवगुराडियाला २०२२ साली तो मोठा बायो-सीएनजीचा कारखाना उभा राहिला, दिवसाला ५५० टन ओला कचरा गिळण्याच्या ताकदीचा, आणि त्या गॅसवर आपल्या सिटी बसेस धावतात. हिरव्या डब्यात टाकलेला भात इंदुरात वाया जात नाही, राजवाड्यापर्यंत माणसं पोचवतो. जिन्याखाली रात्र काढलेला भात माणसाच्या पोटात घालण्यापेक्षा बसच्या टाकीत गेलेला बरा.

आणि एक शेवटचं, जे लिहिताना मला बरं वाटत नाही. तो भात आपण आधी कोणाला वाढला? जे नाही म्हणू शकत नाहीत त्यांना. ज्यांच्या झाडूवर गावाचा नंबर आला त्यांना सकाळी साडेनऊचा, परतून गरम केलेला. यंदा कचरागाडीवरच्या दोघांना आणि ताईंना महाप्रसादाचं बोलावणं द्या, पहिल्या पंगतीचं, आपल्या शेजारच्या पाटावर. मी ताईंना विचारलं आहे. "देखेंगे," म्हणाल्या. तेव्हा कोणीतरी समितीकडून रीतसर जाऊन सांगायला हवं, माझ्या एकटीच्या शब्दावर त्या येतील असं वाटत नाही.

कारभाऱ्याचं नाव सापडलं नाही तर माझं लिहा. साडेदहाला जिन्याखाली मी उभी असेन.

आपल्यातलीच,
तिसऱ्या मजल्यावरच्या काकू

ता. क. माझ्या दोन मोठ्या पितळी पराती देते. तळाला नाव कोरलेलं आहे. मागे एकदा गेलेली परात दिवाळीत परत आली होती, आणि तीही आमची नव्हती.